वाह पेडल घेण्याआधी एकदा तोंडाने म्हणून बघा

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एक वाचक. वय 29, बँकेत नोकरी. सहा वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. चौघांचा बँड आहे. गणपती-नवरात्रात आणि अधूनमधून एखाद्या कॅफेत कार्यक्रम होतात. वाह पेडलसाठी, म्हणजे गिटारचा आवाज पायाने "वा-वा" असा उघडमीट करणाऱ्या यंत्रासाठी, त्यांनी 15,000 रुपये बाजूला काढले आहेत. एका मित्राकडून पंधरा दिवसांसाठी क्राय बेबी नावाचं जुनं वाह आणलं, पण तालमीत सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. "कान फाटतात", "गिटार मधेच गायब होते". फझ पेडल (गिटारचा आवाज फाटका, जाड करणारं) चालू केलं की वाह जणू झोपूनच जातं. पायाखालची पट्टी हलवताना खरखर येते ती वेगळीच. "मी तर अगदी तालावर पाय हलवते, मात्रा चुकत नाही," असं त्या लिहितात. ड्रमर म्हणतो, जुन्या इटालियन बनावटीचं नाहीतर भारी इंडक्टरवालं (इंडक्टर म्हणजे आतली तारेची वेटोळी) घे. बास वाजवणारा म्हणतो, तुझ्या मल्टिइफेक्टमध्ये (एकाच डब्यात अनेक इफेक्ट देणाऱ्या यंत्रात) वाह आहेच की, पैसे कशाला घालवतेस? त्यांचा प्रश्न: "नेमकं कुठलं घेऊ? की माझा पाय यासाठी नाहीच, हे मान्य करून नाद सोडू? रविवारी पेडल परत द्यायचं आहे."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पेडल कुठलं, इंडक्टर कुठला, पैसे किती, हे सगळं त्यात आलंय. पाय कधी हलवायचा, हा प्रश्न मात्र तुम्ही विचारलेलाच नाही. तो सुटलेलाच आहे असं तुम्ही धरून चाललात: तालावर. मला वाटतं, तुमच्या तालमीतली निम्मी तक्रार तिथूनच आली आहे. आणि म्हणूनच पाय "यासाठी नाहीच" हा निकाल मला मान्य नाही. त्या पायाला अजून कुणी काय म्हणायचं तेच सांगितलेलं नाही.

वाह आतून कधी बघितलंय का? तळाची पत्र्याची झाकणी काढली की फार काही दिसत नाही. पायाखालच्या पट्टीला एक दातेरी दांडी लावलेली असते. ती खालीवर झाली की एक छोटं दातेरी चाक फिरतं आणि त्यासोबत पोटेन्शिओमीटर फिरतो, म्हणजे अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमच्या बटनाखाली असतो तसाच. शेजारी मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि बोराएवढा एक इंडक्टर. बस, एवढंच. हे सर्किट तुमच्या आवाजातला एक अरुंद पट्टा उचलून धरतं, टेकडीसारखा. पाय फक्त ती टेकडी सरकवतो. टाच खाली असेल तर साधारण 400 हर्ट्झच्या आसपास, पंजा पूर्ण दाबला की 2000 च्या आसपास. मॉडेलनुसार हे आकडे पुढेमागे होतात.

आता एक करा. एकच सूर धरा, ओठांचा चंबू करून "ऊ" म्हणा आणि सूर न सोडता तोंड हळूहळू उघडत "आ" पर्यंत या. कंठातून येणारा सूर तोच होता. बदलला तो फक्त तोंडातल्या पोकळीचा आकार, आणि तेवढ्यावर अख्खा स्वर बदलला. टाचेकडून पंज्याकडे जाताना पेडल गिटारच्या आवाजाचं हेच करतं.

याचा जन्मही असाच झाला. 1966 साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनियर वॉक्स अ‍ॅम्पमधल्या मिड-रेंज बूस्टवर, म्हणजे आवाजाचा मधला पट्टा उचलणाऱ्या सर्किटवर, काम करत होता. महागडा स्विच काढून त्याजागी साधा पोटेन्शिओमीटर बसवायचा, एवढंच काम होतं. तो फिरवताना आवाज "वाह" करायला लागला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या डब्यात बसवलं गेलं. कंपनीच्या डोक्यात मात्र ट्रम्पेट होता. 1967 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पेडलवर क्लाइड मकॉय या ट्रम्पेटवादकाचं नाव आणि चित्र होतं, कारण ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट (आवाज झाकणारं झाकण) हलवून असा आवाज काढण्यासाठी तो 1930 च्या दशकापासून प्रसिद्ध होता. हे गिटारचं यंत्र आहे, असा आग्रह धरणारा माणूस म्हणजे डेल कॅशर हा गिटारवादक. हे मुद्दाम सांगतोय, कारण यात एक धागा आहे. म्यूट हलवणारा हात माणसाच्या तोंडाची नक्कल करत होता आणि पेडलवरचा पाय त्या हाताची.

मग तोंडाकडेच परत जाऊ या. तबल्याच्या क्लासला गेला असाल किंवा शेजारचा क्लास कानावर पडला असेल, तर पढंत माहीत असेल. बोल आधी हातावर टाळी देत तोंडाने म्हणायचे, मग हात तबल्यावर ठेवायचा. तोंडाने जो बोल स्वच्छ येत नाही तो हातातून स्वच्छ निघत नाही, असं जुने गुरुजी सांगतात. मी वाह शिकवताना हेच करतो. गिटार स्टँडवर. तुमच्या सोलोच्या चार ओळी घ्या आणि "वा", "ऊ", "आ" एवढ्याच अक्षरांत गा. "ऊऽऽवा… वा वा… ऊऽऽऽआ." पहिल्या दिवशी सगळेच लाजतात, दार लावून घ्या. कुठे तोंड आपोआप उघडतं ते वहीत लिहा. तुमच्या लक्षात येईल की ते दर मात्रेला उघडत नाहीच. लांब सुरावर उघडतं. सूर वर ओढताना हळूहळू उघडतं. ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा मिटतं. मधल्या भराभर सुरांच्या झुपक्यात ते अर्धवट उघडं, एका जागी थांबलेलं असतं. वहीत जे आलं तीच तुमच्या पायाची नोटेशन.

तालावर पाय चालवणं चूक नाही, पण ती वेगळी कामगिरी आहे. आयझॅक हेजच्या 1971 च्या 'थीम फ्रॉम शाफ्ट'मध्ये चार्ल्स पिट्सची गिटार ऐका. उजवा हात सोळाच्या लयीत चालतोय आणि पाय त्याच्याशी जुळून उघडमीट करतोय. तिथे गिटार जवळजवळ तालवाद्य झाली आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 1968 च्या 'व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)'ची सुरुवात तशीच: डाव्या हाताने तारा नुसत्या दाबून आवाज मारलेला, सूर नाहीच, फक्त खटखट आणि पाय. हे तुम्हाला जमेल, कारण तुमची मात्रा चुकत नाही. पण हाच पाय तुम्ही सोलोभर चालवता. मैफलीत समेवर आलेली एक "वा" कलाकाराला उभारी देते. दर मात्रेला "वा वा" येऊ लागली तर गाणं ऐकूच येत नाही. तुमचे मित्र "गिटार गायब होते" म्हणतात ते यामुळेच. टाच खाली गेली की वरचा सगळा आवाज झाकला जातो आणि बास-ड्रमच्या गर्दीत तुमचे दोन-तीन सूर दर वेळी बुडतात.

कान फाटण्याचं कारण दुसरं आहे. बहुतेक वाहमध्ये चालू-बंदचा स्विच पंज्याखाली असतो. पेडल चालू करायला पट्टी शेवटपर्यंत दाबावी लागते, म्हणजे चालू होतं तेच सगळ्यात तिखट टोकाला. त्याच क्षणी तुम्ही सूर वाजवला तर किंकाळीच येणार. सवय अशी लावा: दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत पेडल चालू करा, लगेच पट्टी मागे घ्या, मग पहिला सूर. बंद करतानाही सूर थांबल्यावरच. हे एवढंच रोज दहा मिनिटं आठवडाभर केलंत तरी तालमीतले चेहरे बदलतील. शिवाय वाह एका पट्ट्याला उचलतं, त्यामुळे आवाजाचा जोरही वाढतो. अ‍ॅम्पचं ट्रेबल तुम्ही वाह नसताना लावता त्यापेक्षा थोडं खाली आणा. पंजा शंभर टक्के दाबायची गरज गाण्यात क्वचितच पडते. माझा पाय तीन चतुर्थांशाच्या पुढे फारसा जात नाही.

आणि पाय हलवलाच पाहिजे असंही नाही. मिक रॉनसन, मायकेल शेंकर या गिटारवादकांनी वाह अर्धवट उघडून एका जागी ठेवून वाजवलंय. गिटारला एक नाकातला, पुढे आलेला आवाज मिळतो आणि सोलो बँडमधून वर येतो. पाय अजून ऐकत नसेल तोवर कार्यक्रमात हेच करा. लोकांना कमी काहीच वाटणार नाही.

फझचं कोडं मात्र तुमच्या पायाचं नाही. जुन्या धाटणीच्या फझ पेडलचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, फार कमी असतो. तो वाहच्या आउटपुटवर भार टाकतो, आणि मग वाहची टेकडी सपाट होते, कधी शिट्टीही वाजते. आधी केबलची जागा बदलून बघा: गिटारमधून फझमध्ये, फझमधून वाहमध्ये. आवाज वेगळा येईल, जास्त रुंद, सिंथेसायझरकडे झुकणारा. अनेकांना तो आवडतो. वाह पुढेच हवं असेल तर ज्याच्या आउटपुटला बफर (पुढच्या पेडलचा भार मागे येऊ न देणारं छोटं सर्किट) आहे असं वाह बघावं लागेल, किंवा मध्ये एक छोटं बफर पेडल. मात्र मधल्या बफरमुळे काही फझ कर्कश होतात आणि गिटारचं व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करायची सोय जाते, हे ऐकूनच ठरवा. साध्या ओव्हरड्राइव्हला (फझपेक्षा सौम्य फाटका आवाज देणाऱ्या पेडलला) हा त्रास सहसा होत नाही. वाह आधी, ओव्हरड्राइव्ह नंतर, ही जोडी माणसाच्या बोलण्याच्या सगळ्यात जवळ जाते.

खरखर म्हणजे पोटेन्शिओमीटरचा आतून घासलेला थर किंवा आत बसलेली धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पट्टी वीस-पंचवीस वेळा खालीवर करा, बऱ्याचदा जाते. नाही गेली तर तो बदलावा लागतो. इथे एक चूक हमखास होते, म्हणून थांबून सांगतो. दुरुस्तीवाला दुकानात पडलेला साधा 100 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवून देतो. आकडा बरोबर, पण वाहसाठीच्या पोटेन्शिओमीटरची चाल वेगळी असते: पट्टी ढकलताना आवाज कुठे सावकाश आणि कुठे झपकन बदलावा, ते त्यात ठरलेलं असतं. साधा बसवला की सगळा "वाह" पट्टीच्या एका कोपऱ्यात गोळा होतो. ऑर्केस्ट्रात वाजवत होतो तेव्हा माझ्या पहिल्या पेडलचं असंच झालं. दुरुस्त करून आणलं आणि वर्षभर मला वाटत होतं की माझाच पाय बिघडला. नंतर योग्य पोटेन्शिओमीटर मिळाला आणि पहिल्याच संध्याकाळी पाय पूर्वीसारखा चालायला लागला. पायाला दोष देण्याआधी पेडल तपासा, हे मी तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगतोय ते त्यामुळे.

आता खरेदी. ड्रमर म्हणतो त्यात तथ्य आहे. इंडक्टरने आवाजाचा पोत बदलतो, जुन्या इटालियन पेडलना मान आहे तो उगाच नाही. पण तो फरक शांत खोलीत, चांगल्या अ‍ॅम्पवर, एकटं वाजवताना कळतो. कॅफेत क्रॅश झांजेच्या शेजारी उभं राहिल्यावर तुम्हाला आधी कळेल ते म्हणजे टेकडी कुठून कुठपर्यंत जाते, ती किती टोकदार आहे आणि पट्टी पायाखाली कशी सरकते. पहिल्या वाहसाठी संग्राह्य जुनं पेडल घ्यायला मी तरी सांगणार नाही.

डनलॉपचं नेहमीचं क्राय बेबी, जीसीबी 95, साधं आणि दणकट आहे. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती करणाऱ्यांना ओळखीचं आहे. चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं मिळालं तर ते घेऊन उरलेल्या पैशातला थोडा भाग नव्या पोटेन्शिओमीटरसाठी राखून ठेवा. वॉक्सचं व्ही 847 त्याच घराण्यातलं. दोन्ही शेजारी ठेवून वाजवा आणि जे पायाला पटेल ते घ्या, नावावर जाऊ नका. दर कार्यक्रमाला वेगळा अ‍ॅम्प मिळत असेल, आणि गणपतीत तो मिळतोच, तर क्राय बेबी 535क्यू बघा. त्यात टेकडीची जागा आणि तिचा टोकदारपणा दोन्ही बदलता येतात, कर्कश अ‍ॅम्पवर ती मऊ करता येते. तुमचं बजेट आणि तुमच्या तक्रारी बघता, बसत असेल तर माझा कौल याला. मॉर्ली कंपनीच्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटरच नसतो, प्रकाशावर चालतं, त्यामुळे खरखरीचा प्रश्नच निघतो. काही मॉडेल पाय ठेवला की चालू, काढला की बंद होतात, म्हणजे पंज्याच्या स्विचची किंकाळीही टळते. पण मग अर्धवट उघडं ठेवायचं तर पाय तिथेच धरून उभं राहावं लागतं. छोटं, मिनी वाह स्कूटरवर गिटार अडकवून जाणाऱ्याला सोयीचं. नेहमीचं वजनाला दीड किलोच्या वर जातं. मिनीवर पायाला अंतर मात्र कमी मिळतं, आणि शिकताना अंतर जास्त असलेलं बरं.

बास वाजवणाऱ्या मित्राचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. मल्टिइफेक्टमधलं वाह शिकायला पुरेसं आहे. त्याचं पेडल आधी कॅलिब्रेट करा, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं यंत्राला ओळखायला लावा, नाहीतर निम्म्या पट्टीत काहीच होत नाही आणि आपल्याला वाटतं वाहच वाईट. पढंतचा महिनाभराचा सगळा अभ्यास त्यावर करा. महिन्यानंतर वहीतल्या खुणा आणि पाय जुळायला लागले, आणि तरीही वेगळ्या पेडलची ओढ राहिली, तर निर्धास्त पैसे खर्च करा. ओढ राहिली नाही तर 15,000 रुपये तुमच्याकडेच आहेत, आणि शिकलेला पाय कुठेही जात नाही.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या आणि उभं राहून वाजवा. खुर्चीवर बसून जमलेलं उभं राहिल्यावर निसटतं, कारण उभं असताना शरीराचा भार दुसऱ्या पायावर ठेवावा लागतो आणि पेडलवरचा पाय घोट्यातून सैल सोडावा लागतो. पायात काय आहे याचाही विचार करा. कॅफेत तुम्ही बूट घालून वाजवता, पण मंडपात मूर्तीसमोरच्या स्टेजवर आपण चपला काढतो. अनवाणी पायाला पट्टीचा रबर चिकटतो, आणि स्विच दाबायला बोटांनी जास्त जोर द्यावा लागतो. घरी दोन्ही प्रकारे सराव करा. स्विच फारच खोल किंवा जड वाटला तर तो ज्या नटांवर बसवलेला असतो ते फिरवून त्याची उंची जुळवता येते.

आणखी एक, पेडलबोर्ड लावणाऱ्या सगळ्यांसाठीच. इंडक्टर ही वेटोळी आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट ती उचलते. वाहला पॉवर सप्लायला चिकटून ठेवू नका, वीतभर सरकवलं तरी फरक पडतो. अ‍ॅडाप्टर शक्यतो 9 व्होल्टचा, पण पेडलवर व्होल्टेज आणि मधल्या पिनची खूण काय लिहिली आहे ते वाचूनच जोडा.

रविवारपर्यंत तीन-चार दिवस हातात आहेत. क्लीनर मारण्याआधी मित्राला विचारा, पेडल त्याचं आहे. मग तुमच्या सोलोची एकच ओळ फोनवर तीनदा रेकॉर्ड करा: एकदा तालावर पाय हलवत, एकदा वाह अर्धं उघडून न हलवता, आणि एकदा वहीतल्या खुणांप्रमाणे. कुठली कुठली ते न सांगता तिन्ही ड्रमरला ऐकवा आणि कुठल्या वेळी गिटार बोलली एवढंच विचारा. वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर आत बॅटरी असेल ती रात्रभरात उतरते, आणि मित्राला पेडल चालू स्थितीत परत मिळायला हवं.